कुजबुज्यांचे दहा आकडे

पडदा वर जातो. मध्यभागी सिंहासन, मागे रंगवलेला महाल. पण तिकडे बघू नका. डावीकडच्या विंगेत बघा. उलटा ठेवलेला खोका, त्यावर चपटी झालेली उशी, उशीवर एक वाळका माणूस, मांडीवर नाटकाची वही, हातात बॅटरी. हा आमचा प्रॉम्प्टर. खरं नाव कुणालाच आठवत नसे. आम्ही त्यांना कुजबुजे म्हणायचो.

सत्तावीस वर्षं त्यांनी एकच काम केलं. नट अडला, की पुढचं वाक्य पुरवायचं. रंगमंचावर शांतता पडली की त्यांचे ओठ आपोआप हलायला लागायचे. घरीही तेच. बायको "आज बाजारात..." म्हणून क्षणभर थांबली, की हे म्हणायचे, "जाऊन ये."

"जाऊन या, म्हणत होते मी! तुम्ही!"

असा हा माणूस, आणि त्याला दम्यानं गाठलं. तिसऱ्या अंकात राणी प्राण सोडत असताना विंगेतून अशी उबळ आली, की प्रेक्षकांतून कुणीतरी ओरडलं, "राणीचं राहू द्या, आधी त्यांना डॉक्टरकडे न्या!"

मालकांनी बजावलं, "शनिवारच्या प्रयोगात खोकलात, तर वही दुसऱ्याकडे."

कुजबुज्यांचा चेहरा पार उतरला. डॉक्टरांनी दिलेला दम्याचा पंप तर ते महिनाभर ओढत होते, पण गुण शून्य. मी तेव्हा तरुण होतो, राजाचं काम करायचो. मीच त्यांना दवाखान्यात नेलं.

नर्सबाई म्हणाल्या, "घेऊन दाखवा."

त्यांनी पंप दाबला, हुंदका दिल्यासारखा झटकन श्वास ओढला आणि लगेच म्हणाले, "घेतलं."

"घेतलं कुठे? घशाला फासलंत. झटक्यात ओढलं की फवारा घशावरच आदळतो. आधी श्वास पुरता सोडा. मग सावकाश ओढायला लागा, आणि तेव्हाच दाबा. छाती भरली की तोंड मिटून दहा आकडे थांबा. बारीक कण पार आतल्या नळ्यांत जाऊन टेकायला तेवढा वेळ लागतो. नाही थांबलात, तर औषध आल्या पावली परत."

मग तालीम सुरू झाली, रिकाम्या पंपावर. नर्सबाई मोजू लागल्या, "एक, दोन, तीन..." तेवढ्यात दारातून कुणी डोकावलं आणि त्या थांबल्या.

"चार!" कुजबुज्यांनी पुरवलं.

"अहो काका, सगळं बाहेर आलं!"

"तुम्ही अडलात ना, बाई."

"मी अडले नव्हते!"

पुढच्या वेळी सातावर नर्सबाईंना शिंक आली. "आठ," कुजबुजे म्हणाले.

नर्सबाईंनी कपाळाला हात लावला. "आता मी मोजतच नाही. तुमची बोटं आणि तुम्ही."

आठवडाभर त्यांनी घरी बोटं मोजली. बायको मला म्हणाली, "लग्नानंतर पहिल्यांदा माझी वाक्यं पुरी झाली हो."

शनिवार. तिसरा अंक. राणीचं डोकं माझ्या मांडीवर, धुराचं यंत्र फुसफुसतंय. धूर विंगेत शिरला आणि कुजबुज्यांची छाती वाजू लागली. त्यांनी पंप काढला. श्वास सोडला, सावकाश ओढता ओढता दाबला, तोंड मिटलं.

आणि नेमका तेव्हाच मी वाक्य विसरलो.

मी विंगेकडे पाहिलं. कुजबुज्यांनी डोळे वटारून एक बोट वर केलं. दोन. तीन. माझ्या पाठीवरून घामाची धार. पाच. वाक्य त्यांच्या दातांमागे धडका मारत होतं, गाल थरथरत होते, पण ओठ घट्ट. मेलेली राणी पुटपुटली, "बोला ना हो!" भीतीनं माझे डोळे भरून आले. सभागृहात कुणीतरी नाक ओढलं. आठ. नऊ. दहा.

त्यांनी हळूच श्वास सोडला आणि वाक्य आलं. मी ते कसंबसं म्हटलं. टाळ्या थांबेनात. पडदा पडेपर्यंत विंगेतून एकही खोकला आला नाही.

मालक धावत आत आले. "काय थांबलास रे! असंच रोज थांब. आणि कुजबुजे, वही तुमच्याकडेच."

मला राहवलं नाही. "मालक, मी विसरलो होतो. थांबले ते हे."

कुजबुज्यांनी पंपाला टोपण लावलं, चष्मा पुसला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "महाराज, उद्याही तिथंच विसरा. मी डोस त्याच वाक्यावर लावून घेतो."