मे महिन्यातलं प्रदर्शन

"मी भुलत नसते गा," म्हणजे विसरत नाही, असं म्हणून बाई कानामागची पेन्सिल काढायच्या आणि पुन्हा कानामागेच खोचायच्या. लिहायच्या काहीच नाहीत. आम्हाला एवढं कळायचं, की आता कुणाचं तरी काही खरं नाही.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. विद्यापीठाच्या कलासंग्रहालयात बाई सहायक होत्या आणि मी टंकलेखक. 'आगामी प्रदर्शने व कार्यक्रम' असं सायक्लोस्टाइल पत्रक आम्ही काढायचो, पण प्रदर्शनाच्या हॉलच्या तारखा संग्रहालयाचे प्रमुख, म्हणजे आमचे साहेब ठरवायचे. हिवाळा त्यांच्या मित्रांना, पावसाळा मित्रांच्या मित्रांना. बाई नरखेडकडच्या. संत्र्याच्या बागांची चित्रं काढायच्या, आणि फार सुंदर काढायच्या. आपल्या बागा एकदा त्या हॉलमध्ये लागाव्यात एवढंच त्यांना हवं होतं. बरीच वर्षं मागे लागल्यावर साहेबांनी हॉल दिला, तो मे महिन्यात.

तुम्ही नागपूरचा मे सोसला असेल तर पुढचं सांगायला नको. विद्यापीठाला सुट्टी, रस्ते ओस. माणूस ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा टाकून बाहेर पडतो तो दवाखान्यासाठी, नाहीतर लग्नासाठी. बाई नवी साडी नेसून, गुलाबदाणी घेऊन दाराशी उभ्या राहिल्या. कुणी आलं नाही. शेवटच्या दिवशी साहेब डोकावले आणि म्हणाले, "चित्रं चांगली असली की लोक उन्हातही येतात, बाई."

बाईंनी पेन्सिल काढली, खोचली. साहेबांना कूलरच्या टाकीत बुचकळून काढावं असं मला वाटलं होतं, आणि अजूनही वाटतं.

पुढे साहेब निवृत्त झाले आणि त्यांची खुर्ची बाईंना मिळाली. रिकामपणात साहेबांना स्वतःची जुनी चित्रं आठवली. त्यांचं मोठं प्रदर्शन व्हावं, तेही डिसेंबरात, म्हणून ते आले.

"डिसेंबर भरला, सर. मे खाली आहे."

"मे? मेमध्ये कोण येतं?"

"काहून जी? चित्रं चांगली असली की येतात नं लोक उन्हातही."

साहेबांना नाही म्हणता येईना. म्हटलं असतं तर आपली चित्रं चांगली नाहीत असं कबूल केल्यासारखं झालं असतं. ते पत्रक मी इतक्या आनंदाने टाइप केलं की एकही चूक झाली नाही.

बाईंनी कशात कसर ठेवली नाही. समई, हार, खुर्च्यांच्या रांगा, दाराला वाळ्याच्या ताट्या. साहेबांच्या पत्नी तेवढ्या रिक्षाने आल्या. बाईंनी त्यांना हात धरून बसवलं आणि पन्हं दिलं. "वहिनी, तुमच्यावर राग नाही माझा," म्हणाल्या. दुसरं कुणी फिरकलं नाही. साहेब रोज डोक्यावर ओला टॉवेल टाकून दाराकडे बघत बसायचे. समोर खुर्ची टाकून बाई मांडीवरच्या कागदावर त्यांचं चित्र काढायच्या. साहेबांना वाटायचं, बाई कार्यालयाचं काम करताहेत.

त्या हिवाळ्यात पहिलं प्रदर्शन बाईंचं होतं. रामदासपेठेत साहेबांच्या घरी त्या स्वतः आमंत्रण देऊन आल्या. हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. सगळीकडे बागा, आणि मधल्या भिंतीवर साहेब: टॉवेल, लोंबलेला हार, मागे रिकाम्या खुर्च्या. लोक आधी हसायचे, मग त्या म्हाताऱ्याचे दाराकडे लागलेले डोळे पाहून गप्प व्हायचे.

साहेब गर्दीतून वाट काढत त्या चित्रापाशी आले.

"हे मी विकत घेतो," ते हळूच म्हणाले.

"विकायचं नाही, सर. विद्यापीठाले देऊन टाकलं. कायमचं."

बाई जाऊन आता खूप वर्षं झाली. बागांची चित्रं तेव्हाच लोकांनी हौसेने नेली. ती कुठल्या घरात आहेत, आहेत की नाहीत, कुणाला ठाऊक नाही. मध्यंतरी बाईंची फार आठवण आली म्हणून मी संग्रहालयात जाऊन आलो. ज्या बागांसाठी त्यांनी जन्म घालवला, त्यातलं एक पानही तिथे नाही. भिंतीवर बाईंचं एकच चित्र आहे, आणि त्यात साहेब बसले आहेत.