इंचाला तीस ठिपके

सी मनूबी म्हणायचा, "मी गिऱ्हाईक परत पाठवतो, म्हणूनच ते परत येतं." यातला पहिला अर्धा भाग खरा होता.

ट्युनिशियात, बिझर्टला नगरपालिकेच्या मागे त्याचं दुकान. आमच्याकडे मानानं पुरुषाला 'सी' म्हणतात आणि बाईला 'लल्ला'. जुन्या फोटोंच्या नकला करून देणं हा धंदा. तरुणपणी तो एका स्टुडिओत पेन्सिलीनं फोटोतले डाग भरायचा. नवरींच्या हनुवटीवरचे मस त्यानं असे उडवले, की पुढे दोन-तीन सासरी त्यावरून भांडणं झाली. मग स्कॅनर आला. मनूबीनं त्याची माहितीपुस्तिका पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली. आमच्या गावात असं आजवर कुणी केलं नव्हतं, आणि त्या दिवसापासून तो असह्य झाला.

रंगभूमी सुटली तेव्हा माझ्याकडे दोन पेट्या फोटो उरले होते. त्यांच्या निमित्तानं त्याच्या दुकानातलं स्टूल माझं झालं, आणि तिथून मला रोजचा खेळ फुकट बघायला मिळायचा.

"स्कॅनर कितीवर लावू?" हा प्रश्न तो गिऱ्हाइकाला कधी विचारत नसे. गिऱ्हाईकच सांगायचं, "सगळ्यात जास्त लावा." की हा पेटलाच.

"जास्त म्हणजे काय? मीठ आहे का? घरी जाऊन हरिसाची तिखट चटणी सगळ्यात जास्त घालता का?"

"घालतो."

"मग पोटासारखीच फोटोची वाट लागेल."

समोर नवं दुकान निघालं होतं. त्याच्या काचेवर मोठ्या लाल आकड्यांत 'चार हजार आठशे' लिहिलेलं; इंचाला एवढे ठिपके म्हणे त्याचा स्कॅनर वाचतो. मनूबीच्या काचेवर काहीच नाही. तो आपला सहाशेवर अडलेला.

तर एका दुपारी लल्ला सालूहा आली. तिचा नवरा खमैस बंदरातल्या टगबोटीवर होता. तो जाऊन महिना झाला होता. तिनं रुमालाची गाठ सोडून एक फोटो काउंटरवर ठेवला. बंदराच्या पासावरचा, तीन बाय चार सेंटीमीटरचा. एरवी जन्मभर माणूस कॅमेऱ्यासमोर उभा राहिला नव्हता. जगात त्याचा एवढाच चेहरा शिल्लक.

"दाराएवढा करून हवा," ती म्हणाली. "दहा दिवसांनी चाळिसावा आहे. बूरावीभावजी सगळ्यांना घेऊन येणार."

बूरावी म्हणजे खमैसचा धाकटा भाऊ. त्याच्या दिवाणखान्यात त्याचाच सोनेरी चौकटीतला फोटो आहे, मिशांसकट पुरुषभर.

"तो जिवंत असून भिंतभर," सालूहा म्हणाली, "आणि माझा मेला तरी टपाल तिकिटाएवढा? लोक काय म्हणतील, याचं घर होतं की टपालपेटी?"

मनूबीनं चष्मा वर करून फोटो पाहिला. "लल्ला, या कागदाला जेवढं ठाऊक आहे तेवढं सहाशेवर सगळं येतं. सहाशेवर वाचून तीनशेवर छापलं तर फोटो दुप्पट होतो. तळहाताएवढा. स्वच्छ."

"समोरचा चार हजार आठशे देतो."

"देईल. त्यातलं सहाशे डोळ्यांनी पाहिलेलं, बाकी पदरचं. यंत्र वाक्य विसरलं की मनानं बोलतं. विचारा या नटीबाईंना."

मी मान हलवली. पदरची वाक्यं बोलून मी टाळ्या घेतल्या आहेत, हे मात्र सांगितलं नाही.

"तुम्ही म्हातारे झालात, सी मनूबी," सालूहा म्हणाली, फोटो गुंडाळला आणि रस्ता ओलांडून गेली.

पाच दिवसांनी ती भलंमोठं भेंडोळं घेऊन परत आली. उलगडलं, आणि आम्ही तिघंही त्यावर वाकलो. समोरच्यानं चार हजार आठशेवर वाचलं होतं आणि वर धार लावायचं बटणही दाबलं होतं. कागदाचा प्रत्येक तंतू, पासाच्या शिक्क्याच्या शाईचा प्रत्येक ओघळ, धुळीचा प्रत्येक कण हजर. फक्त खमैस नव्हता. देवी आलेला कुणी इसम तिच्याकडे बघत होता.

"हे तर मी ओळखतही नाही," ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते बूरावीवरच्या ईर्ष्येचं नव्हतं.

आता मनूबीनं 'मी सांगितलं होतं' म्हणावं, म्हणून मी कान टवकारले. तो म्हणाला, "भिंत कुठली?"

"कोचासमोरची."

"कोचापासून किती पावलं?"

"पाच-सहा."

मनूबीनं बोटांवर हिशेब केला. मग खाली मान घालून पुटपुटला, "इंचाला तीस ठिपके."

आयुष्यभर तीनशेच्या खाली न उतरलेला माणूस! मी म्हटलं, "सी मनूबी, बरं आहे ना?"

"तुम्ही तोंडाला रंग थापून पंधराव्या रांगेला सुंदर दिसायचात ना? पहिल्या रांगेला काय दिसायचं?"

"खलाशी."

"मग! पाच पावलांवरून डोळ्याला तीस आणि तीनशे सारखेच."

त्यानं फोटो सहाशेवर वाचला, धारेच्या बटणाला हात लावला नाही, शिक्क्याची रेघ दोन दिवस बसून पुसली, आणि घरांचे नकाशे छापणाऱ्या ओळखीच्याकडून दीड हात रुंद कागदावर छापून आणला. मी आयुष्यातलं शेवटचं नेपथ्य केलं: फोटो उंच टांगला, आणि खाली एक जड मेज आडवं लावलं, म्हणजे कुणी जवळ जायला नको.

चाळिसाव्याला कुराणपठण झालं, कुसकुस आलं. बूरावी कोचावर बसला, वर पाहिलं आणि त्याचा घास हातातच राहिला. "दादा," एवढंच म्हणाला. सालूहानं ओढणीनं ओठ दाबले. मनूबी ताटात बघत होता. त्याचे कान लाल झाले होते.

पण बूरावी तो बूरावीच. डोळे पुसले, उठला, मेज गुडघ्यानं सरकवलं आणि कागदाला नाक लावलं. नुसते राखाडी चौकोन.

"वहिनी, इथून तर इथे कुणीच नाही!"

सगळ्यांचे चमचे थांबले. मनूबीनं डोळे मिटले.

"मागे या, भावजी," सालूहा म्हणाली. "एकतीस वर्षं मी त्याच्या शेजारी झोपले, मला तरी जवळून कुठे दिसला? टगबोट धक्क्यावरून सुटली की मात्र काय राजबिंडा दिसायचा! बसा तिथं."

बूरावी मुकाट्यानं कोचावर येऊन बसला. थोड्या वेळानं मनूबीच्या कानाशी वाकून म्हणाला, "माझाही असाच करून दे. फक्त ठिपके जरा जास्त घाल."