नाना जरा उशिरा हसायचे

"बठ्ठं समजनं!"

सिनेमा सुटला, दिवे लागले की नाना टोपी नीट बसवत हेच म्हणायचे. सगळं समजलं. आवडला की नाही, ते कधी सांगितलं नाही. मी विचारायचो, "कसा वाटला, नाना?" तरी उत्तर तेच. "बठ्ठं समजनं. चाल, गाडी काढ."

नाना आमच्या शेजारचे. मूळचे नरडाण्याकडचे, पण उभं आयुष्य जळगावच्या एका डाळमिलमध्ये मशीनवर गेलं. आता पत्नी नव्हती, मुलगा-सून दिवसभर कामावर. मी दुचाकीच्या शोरूममध्ये नोकरीला, सुट्टी मंगळवारी. त्या दुपारी थिएटर निम्म्याहून अधिक रिकामं असतं. मी गाडी बाहेर काढेपर्यंत नाना पांढराशुभ्र सदरा घालून फाटकात उभे असायचे.

त्यांना पडद्याजवळची, भिंतीकडची खुर्चीच लागायची. माझी मान आखडायची, पण त्यांचा हट्ट. बसले की तळहात खुर्चीच्या हातावर पालथा ठेवायचे. मारामारी सुरू झाली की खुर्ची थरथरायची आणि नाना लहान पोरासारखे खूश व्हायचे. तुम्हीही असा एखादा प्रेक्षक पाहिला असेल, सिनेमा सोडून ज्याच्याकडेच बघत राहावं असा. विनोद झाला की थिएटर हसायचं आणि ते हसू ओसरायला लागलं की नानांचं सुरू व्हायचं. मला वाटायचं, जुना माणूस आहे, विनोद पोचायला वेळ लागतो.

एकदा मी त्यांना म्हटलं, "घरी एवढा मोठा टीव्ही आहे, मग इथंच का?"

माझ्या तोंडाकडे रोखून बघत ते म्हणाले, "घरमा जो तो काही ना काही इचारस. आठे माले कोनी काहीच इचारत नही. अंधारमा बठ्ठा एकच बाजूले तोंड करी बसतस. बरं वाटस."

दिवाळीच्या सुट्टीत मात्र मंगळवार असूनही गर्दी होती. नेहमीच्या खुर्च्या मिळाल्या नाहीत, मधल्या रांगेत बसावं लागलं. नानांच्या पलीकडे एक बाई होती. मध्यंतरानंतर पडद्यावर एक आई स्वयंपाकघरात फोनवर बोलत होती. चेहऱ्यावर हसू होतं. आणि पलीकडून आवाज सांगत होता की तिचा मुलगा गेला. हसू अजून तसंच राहिलेलं. थिएटर चिडीचूप झालं. तेवढ्यात पुढच्या रांगेतल्या पोरांच्या हातून पॉपकॉर्न सांडलं आणि ती तोंड दाबून खुसखुसायला लागली. त्यांचे खांदे हलताना नानांना दिसले. त्या शांततेत नाना मोठ्यानं, अंग हलवून हसले.

शेजारची बाई डोळे पुसत होती. ती झटकन वळली. "लाज नाही वाटत? एवढे म्हातारे झालात!"

माना वळल्या. नाना माझ्याकडे वाकले. "काय म्हनस ती?"

"काही नाही," मी म्हणालो.

त्यांनी बाईच्या ओल्या गालांकडे पाहिलं, मग पडद्याकडे. तिथं आता मुलाच्या फोटोला हार होता. नानांचा चेहरा एकदम उतरला. ते उठले आणि लोकांच्या गुडघ्यांमधून वाट काढत बाहेर गेले. मी मागोमाग.

बाहेर बाकावर बसून ते बराच वेळ टोपीशी चाळा करत राहिले. मग म्हणाले, "माले ऐकू येत नही, भाऊ. कव्हाचंच नही. मिलनी मशीननी कान खादा."

"मग सांगितलं का नाही?" मी दोनदा, तोंड नीट उघडून विचारलं.

"मिलमा एक बहिरा मानूस व्हता. आम्ही मांगून हाका मारूत आनि हासूत. मी बी हासू."

मला मान वर करवेना. तीन वर्षं मी त्यांच्या शेजारी बसत होतो. त्यांच्या उशिरा येणाऱ्या हसण्याची नक्कल मी शोरूममध्ये करून दाखवली होती.

"घरी चला," मी खुणेनं म्हटलं. ते हलले नाहीत. सिनेमा सुटेपर्यंत थांबले आणि मग टोपी हातात घेऊन दाराशी उभे राहिले. ती बाई नवऱ्याबरोबर बाहेर आली. नाना पुढे झाले.

"माय, मी तुले हासनू नही. माले ऐकू येत नही!"

आपला आवाज किती मोठा झालाय, हे त्यांना कुठलं कळायला! पॉपकॉर्नच्या काउंटरपासून जिन्यापर्यंत सगळे वळून बघायला लागले. पोटच्या मुलापासून जे लपवलं होतं, ते नानांनी असं भर गर्दीत सांगून टाकलं.

बाई खाली मान घालून पुटपुटली, "मला माहीत नव्हतं, बाबा." ते नानांपर्यंत पोचलंच नाही. तिच्या ते लक्षात आलं. तिनं टोपीसकट त्यांचे दोन्ही हात धरले आणि नुसती उभी राहिली. आमच्या तिघांत कोण जास्त ओशाळलं होतं, सांगता येणार नाही.

त्यानंतर घरीही कळलं आणि मुलानं कानाचं मशीन आणून दिलं. ते लावून नाना एकदा सिनेमाला आले आणि मध्यंतरातच त्यांनी ते काढून खिशात टाकलं. "नुसतं कुरुमकुरुम ऐकू येस," म्हणाले. पण आता सिनेमा सुटला की ते लगेच गाडीवर बसायचे नाहीत. पार्किंगमध्ये मला थांबवून विचारायचे, "पोरगा घर सोडताना बापले काय म्हने?" मी सांगायचो. मग आणखी मोठ्यानं सांगायचो. लोक गाड्या काढता काढता थांबून बघायचे. पहिल्या पहिल्यांदा मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण नाना माझ्या ओठांकडे असे बघत असायचे, की अर्ध्यावर थांबणं जमायचं नाही. बापाचं, पोराचं, गुंडाचं, सगळ्यांचं बोलणं मी ओरडून म्हणायचो.

गेल्या थंडीत नाना मुलीकडे शिरपूरला गेले आणि तिथंच वारले.

परवा बऱ्याच दिवसांनी एकटाच थिएटरात जाऊन आलो. रात्री जेवताना बायकोनं विचारलं, "काय होतं सिनेमात?" मी सांगायला लागलो आणि सांगता सांगता आवाज कधी चढला ते माझं मलाच कळलं नाही.

"अहो, हळू," ती म्हणाली. "मला येतं ऐकू."