उड्या मारणारी बोट

मुळशी धरणाच्या कचेरीसाठी मी बारा वर्षं वल्ह्याची होडी चालवली. ऐंशीच्या सुमारास मागे मोटर लावलेली नवी बोट आली. ती माझ्याच हाती येणार, असं मी बायकोला सांगूनही टाकलं होतं. साहेबांनी ती दिली माझ्या शेजाऱ्याला. माझ्याहून पाच वर्षांनी लहान, मुंबईच्या गोदीत काम करून परतलेला. मी वल्ही मारत अर्धं पाणी कापेपर्यंत तो पलीकडे जाऊन परतलेला असे. पोटात नुसतं जळायचं.

एकदा त्यानं मोटर काढून साफ केली आणि परत बसवली. दुसऱ्या दिवसापासून वेग घेतला की बोटीचं नाक वर उडायचं, पाण्यावर आपटायचं, पुन्हा उडायचं. त्यानं पेट्रोलची टाकी पुढे सरकवली, माणसं पुढे बसवली, मोटरचा पाण्यातला पंखा तपासला. उड्या थोड्या कमी झाल्या, थांबल्या नाहीत.

कारण मला ठाऊक होतं. मोटरचा कल ठरवणारी एक पिन असते. बोट आली तेव्हा मोटर बसवायला आलेल्या पुण्याच्या मेकॅनिकनं ती बोटीकडून दुसऱ्या भोकात घातली होती, यानं घातली शेवटच्या. मोटरचा खालचा भाग मागे फेकला गेला, म्हणून नाक वर. हे मी काठावरून पाहिलं होतं आणि आठ दिवस गप्प बसलो. खरं सांगतो, मजा वाटत होती.

नवव्या दिवशी लस टोचायला निघालेल्या नर्सबाई त्या आपटण्यात फळीवरून पडल्या. मनगट मोडलं. त्यांना जीपमध्ये बसवून तो थेट माझ्याकडे आला.

"दादा, माज्यानं न्हाई व्हत. तुमी इतकी वर्सं पाण्यावर काडली, जरा बगा की."

मी मोटर उचलली, पिन दुसऱ्या भोकात घातली. दोन मिनिटांचं काम. बोट सरळ पाणी कापत गेली.

"तुमाला आदीच ठावं व्हतं?"

"न्हाई. आत्ता ध्यानात आलं."

त्याच संध्याकाळी त्यानं साहेबांना सगळं सांगितलं. स्वतःची चूकही लपवली नाही. साहेबांनी बोट आम्हा दोघांना आळीपाळीनं दिली. मला हवं ते मिळालं, तरी त्याच्याकडे बघितलं की जळायचंच. त्याच्यासारखं सरळ बोलणं मला जमलं नव्हतं.

महिन्याभरानं नर्सबाई आल्या, हात प्लास्टरमध्ये. म्हणाल्या, "तुम्हीच बोट नीट केलीत ना? उपकार झाले."

मी होकारार्थी मान डोलावली आणि त्यांची पेटी बोटीत ठेवली.