खिडकीतल्या इंदूबाई

किस्से कुणी जमवत नाही, ते आपोआप साचतात. आपण आपलं काम करत बसावं आणि एक दिवस पाहावं तर कोपऱ्यात ढीग! भंडाऱ्याच्या कॉलेजातून इंग्रजी शिकवून रिटायर झाले, तेव्हा ठरवलं होतं की आता कुणाचंही इंग्रजी ऐकायचं नाही. पण परदेशी शिकायला निघालेली पोरं दर रविवारी माझ्या व्हरांड्यात जमू लागली. अमेरिकेच्या व्हिसाच्या इंटरव्ह्यूची प्रॅक्टिस करायला. माझ्या हॉलची खिडकी म्हणजे वकिलातीची काच. आत खुर्चीवर बसेल तो ऑफिसर, बाहेर फाईल छातीशी धरून उभा राहील तो उमेदवार. खूप हसलो आम्ही तिथं.

*

हर्षल जवाहरनगरचा. वडील फॅक्टरीत, हा इंजिनीअर. मी खिडकीतून विचारलं, "हीच युनिव्हर्सिटी का निवडली?"

नागपूरच्या कन्सल्टंटने त्याला रिसर्च, लॅब, फॅकल्टी असं सगळं पाठ करून दिलं होतं. पठ्ठ्या ऐन वेळी सगळं विसरला. म्हणाला, "मॅडम, बाकीच्यांनी नाही म्हटलं!"

इतकं खरं उत्तर मी सबंध नोकरीत ऐकलं नव्हतं.

*

मोनाली आंधळगावची. एकुलती एक. ॲग्रीकल्चर झालं होतं, आता मातीच्याच विषयात पुढचं शिकायचं होतं. तिच्यासोबत तिची आई यायची, इंदूबाई. आत बसून चहा प्यायची आणि सगळ्यांचं ऐकायची.

एकदा मोनालीने युनिव्हर्सिटीला पाठवायचा निबंध वाचून दाखवला. पहिलंच वाक्य, 'लहानपणापासून मला मातीची ओढ आहे.' मी इंदूबाईंना मराठीत अर्थ सांगितला.

"ओढ? धानाच्या रोवण्याच्या टायमाले बांधीत पाय टाक म्हटलं तं बोंबलत होती हे! म्हणे, आई, चिखल लागते!"

मोनालीने ते वाक्य तिथंच खोडलं.

*

एका रविवारी ऑफिसर व्हायला कुणीच तयार होईना. म्हटलं, इंदूबाई, तुम्ही बसा. मी त्यांना एकच प्रश्न इंग्रजीत शिकवला, "विल यू कम बॅक?" म्हणजे शिकून परत येशील का? आणि एक शब्द त्यांना आधीच येत होता.

हर्षलने फर्डं उत्तर दिलं. इंदूबाई म्हणाल्या, "रिजेक्ट!"

"काकू, काहून?"

"मघापासून तुह्या मायचा फोन येऊन राह्यला अन् तू कट करून राह्यला. तू कायचा वापस येतं!"

हर्षल व्हरांड्याच्या टोकाला गेला आणि मुकाट्याने आईला फोन लावला.

*

मग ती खुर्ची इंदूबाईंचीच झाली. मोनालीची पाळी आली की सगळे सरसावून बसायचे.

"विल यू कम बॅक?"

"येस. माय पेरेंट्स आर इन इंडिया." अडखळणं नाही, चाचरणं नाही. मला अभिमान वाटायचा.

"रिजेक्ट!"

दर रविवारी हेच. व्हरांडा हसून लोटपोट! एकदा मोनाली चिडली, "आई, बरोबर तं सांगतलं ना मी! आता काय चुकलं?"

"काईच नाई चुकलं. पण तुह्ये पाय तं आतापासूनच बाहेर दिसून राह्यले."

त्या दिवशी मोनालीचे वडील, देवरामभाऊ, दोघींना न्यायला आले होते. अबोल माणूस. त्यांनी मला हळूच सांगितलं, "मॅडम, इथं रिजेक्ट करते अन् घरी पोरीसाठी वड्या वाळू घालते. ॲडमिशनचा पत्ता नाई, अन् डबे भरून झाले!"

*

इंदूबाईंचं दुखणं पोटाचं होतं, अंगावर काढलेलं. कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. मी नागपूरला दवाखान्यात गेले, तर इंदूबाई गादीत हरवल्यासारख्या दिसत होत्या. मला पाहून म्हणाल्या, "खिडकीत कोणाले बसवता आता?"

"कुणालाच नाही. खुर्ची रिकामी आहे."

"अवो, मंग तं सारेच पोट्टे पास होऊन जातीन!"

मी हसले. बाहेर कॉरिडॉरमध्ये येऊन रडले. आठवड्याच्या आत इंदूबाई गेल्या.

*

तेरवी झाल्यावर देवरामभाऊ मोटरसायकलवर मोनालीला घेऊन आले. ॲडमिशन मिळाली होती, आणि पोरगी हट्टाला पेटली होती. "मले नाई जायचं. बाबाले जेवाले कोण देईन?"

"मले सैपाक येते," देवरामभाऊ म्हणाले.

"काय येते?"

बराच विचार करून ते म्हणाले, "च्या."

पुढच्या रविवारी त्यांनी डबा आणून माझ्यापुढे उघडला. "तपासा, मॅडम." भाताचा गोळा झाला होता आणि वरण इतकं खारट की डोळ्यात पाणी आलं. मी डबा चाटूनपुसून खाल्ला आणि मोठ्याने म्हटलं, "व्हिसा मंजूर!"

मोनाली हसली. आई गेल्यानंतर पहिल्यांदाच हसली असेल. मग तिथंच पायरीवर बसून ओक्साबोक्शी रडली. रडणं ओसरल्यावर तोंड धुतलं आणि फाईल घेऊन खिडकीसमोर उभी राहिली. त्या दिवशी प्रश्न मी उभ्यानेच विचारले. खुर्चीत बसायची माझी हिंमत झाली नाही.

*

मुंबईहून तिचा फोन आला. पास! मी विचारलं, परत येण्याबद्दल काय सांगितलंस?

"मॅडम, त्यांनी ते इचारलंच नाई! दोन सवाल इचारले, अन् झालं."

आईने इतके रविवार जो प्रश्न घोटून घेतला, तोच नेमका कुणी विचारला नाही. मला त्या ऑफिसरचा रागच आला.

*

ती निघाली त्या दिवशी नागपूर विमानतळाकडे जाणारी गाडी माझ्या दारात थांबली. मोनाली पाया पडली. वजन करायला गाडीतून उतरवलेली बॅग व्हरांड्यातच होती. देवरामभाऊ सरळ आत गेले आणि खिडकीमागच्या खुर्चीत बसले. त्या खुर्चीत इंदूबाईंनंतर कुणी बसलं नव्हतं.

मोनाली खिडकीसमोर जाऊन उभी राहिली.

"विल यू कम बॅक?" देवरामभाऊंनी विचारलं. हे इंग्रजी ते कधी शिकले, कोण जाणे.

"येस," मोनाली म्हणाली. मग थांबली. "माय फादर इज इन इंडिया."

देवरामभाऊंनी तिच्याकडे पाहिलं.

"रिजेक्ट!"

असं म्हणून ते उठले, बाहेर आले आणि वड्यांच्या डब्यांनी जड झालेली तिची बॅग स्वतः उचलून गाडीत ठेवली.