उजवी पाकळी आणि जाडं पुस्तक

कुडपणच्या आईवर माझ्यामुळे एक आळ आला आहे, तो मला उतरवायचा आहे. आई म्हणजे तिथली गावदेवी. तिला शेतीतलं कळतं, पुस्तकांतलं काही कळत नाही, असं त्या गावात मानू लागलेत. कळतं. न कळणारा मी होतो.

महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेतून मी निवृत्त झालो आणि मला प्राचीन नाण्यांचा नाद लागला. तेव्हा माझ्याकडे एकही नाणं नव्हतं. नाण्याआधी पुस्तक घ्यावं, असं जाणकार सांगतात. तेवढं मी ऐकलं. पुण्याच्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानदाराने माझ्यासाठी दोन पुस्तकं बाजूला काढून ठेवली. एक बारकं, दख्खनच्या नाण्यांवरचं, पुसट चित्रांचं, वजनामापांनी भरलेलं. दुसरं रोमन नाण्यांवरचं, उशीएवढं जाड, गुळगुळीत कागदाचं, पानोपानी रंगीत सम्राट. महाडात बसून रोमन नाणी कुठून मिळणार, हा प्रश्न मला पडलाच नाही. बायको म्हणाली, "एकच आणा. दुसरं आलं, तर मी माहेरी."

धाकटी बहीण कुडपणला दिलेली. तिथे म्हैस घ्यायची तरी आईला कौल लावतात. "दादा, आईला विचार की," ती म्हणाली. देवळात गुरवाने मूर्तीच्या दोन्ही खांद्यांना ओल्या पाकळ्या चिकटवल्या. "कुठली बाजू कशासाठी, ते मनात धरा," तो म्हणाला. "तोंडानं बोलायचं नाय."

मी मनात धरलं, उजवी पडली तर बारकं, डावी पडली तर जाडं.

उजवी पडली.

"काय सांगितलंन आईनं?" बहिणीने विचारलं.

"जाडं," मी म्हणालो.

बहिणीच्या देव्हाऱ्यात सासूच्या काळापासून एक झिजकं नाणं होतं. हळदकुंकवाने माखलेलं, तोच घरचा देव. त्याच्या एका बाजूला हत्ती. माझ्या जाड्या पुस्तकात मला एकच हत्ती सापडला, एका रोमन सेनापतीच्या चांदीच्या नाण्यावर, पायांपुढे साप. आमच्या हत्तीपुढे हळदीचा एक वळसा सुकला होता. तो साप ठरला. मग आमच्या नाण्यावरची चांदी कुठे गेली? उडाली. सेनापतीचं नाणं इथे कसं आलं? सावित्रीच्या खाडीतून. दुसऱ्या बाजूची, एकमेकांना जोडलेली चार वर्तुळं पुस्तकात कुठेच नव्हती. त्यांना मी रथाची चाकं केलं. जन्मभर धातू तपासले, पण हा तपासला नाही. देव आम्लात कसा बुडवायचा?

"जगात दुर्मीळ," असं मी ओटीवर जाहीर केलं. ते चोरीला जाईल या धास्तीने देव महाडच्या बँकेत, माझ्या लॉकरात गेला.

तेव्हापासून नवरात्रात बहीण हळद, फुलं आणि निरांजन घेऊन पोलादपूरमार्गे एसटीने महाडला येते. बँकेत आग चालत नाही, म्हणून न पेटवलेलं निरांजन ओवाळते. पहिल्या वर्षी बँकेचे साहेब घड्याळ बघत उभे होते. पुढच्या वर्षी बूट काढून. मग कोणीतरी लॉकरच्या कडीला लाल दोरा बांधला. "काका," साहेब म्हणाले, "हे लॉकर नवसाला पावतं म्हणतात. माझ्या बदलीचं बघा ना."

बहीण मात्र दर खेपेला एकच विचारायची, "दादा, देव घरी कधी येनार?"

गेल्या वर्षी त्या दुकानदाराने दुकान आवरताना ते बारकं पुस्तक मला फुकटच धाडून दिलं. कोणी घेत नव्हतं. पहिल्याच चित्रपानावर आमचा हत्ती होता, सोंड वर केलेला. मागे चार वर्तुळं. सातवाहनांचं, इकडे सर्रास सापडणारं नाणं. साप नव्हता.

मी कुडपणला गेलो आणि बहिणीला व गुरवाला सगळं सांगितलं.

गुरव म्हणाला, "म्हंजे आई खरं बोलली व्हती? आनि इथं लोकांनी पोरांच्या शिक्शनाचे कौल लावायचं बंद केलं! म्हनतात, तुझ्या आईनं त्या पावन्याला भलतंच पुस्तक घ्यायला लावलंन, नि घरातला देव बँकेत गेला!"

बहीण म्हणाली, "तुला जाडं हवं व्हतं, तर घ्यायचं व्हतंस रे. आईला कशाला मधी घातलंस?"

मी म्हटलं, "देव उद्याच घरी आणतो."

"आसा कसा आनतोस? आईला विचार."

पुन्हा पाकळ्या लागल्या. "आता मोठ्यानं बोला," गुरव म्हणाला. आईसमोर बारकं पुस्तक ठेवून मी आधी तिची माफी मागितली. मग ओरडूनच म्हणालो, "उजवी पडली तर देव घरी येईल. डावी पडली तर लॉकरात राहील."

बराच वेळ काहीच पडलं नाही. बहिणीने पदर घट्ट धरला होता. मग डावी पडली.

दोघं पाकळीकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघत होती. उजवी म्हणायचा मोह मला झाला, हेही इथे लिहून ठेवतो.

"डावी," मी म्हणालो.

बहिणीने डोळे पुसले आणि हळदीची पुडी कमरेला खोचली. "चल मंग, तिथंच हळद वाहू देवाला, बँक बंद व्हायच्या आत. आनि आता तरी ते साप-बिप नीट पुसून घेऊ."