लंगड्या टकटकीची घंटा

माझी ताई इस्पितळात लोकांचे कान तपासते. कानांवर हेडफोन चढवायचा, आवाज सोडायचा, ऐकू आला की पेशंटने बटण दाबायचं. "माझ्या हाताकडे बघू नका, कानाने ऐका," हे ती दिवसातून पन्नासदा म्हणते. सवयीने मलाही म्हणते. पण घरच्या कानांपुढे तिचं काही चालेना.

आमचे बाबा घड्याळजी. दुकान बंद केलं, तरी खोलीतलं कामाचं टेबल चालूच आहे. ते एकटे राहतात आणि दारावरची घंटा त्यांना ऐकू येत नाही. श्रवणयंत्र खणात, घातलं की भांडी किंचाळतात म्हणे. घंटेबरोबर लागणारा दिवा लावून पाहिला, तर काम करताना एका डोळ्यावर भिंग आणि दुसरा डोळा मिटलेला! एकदा मी पाऊण तास दार बडवलं. मनात नको नको ते येऊन गेलं, शेवटी कुलूप तोडलं. आत बाबा मजेत स्प्रिंग बसवत होते.

मी चिडून म्हणालो, "पुरे झालं. महिनाअखेरीला माझ्याकडे राहायला यायचं." माझ्याकडे बाबांना जागा आहे, त्या टेबलाला नाही. बाबांनी हातातला चिमटा खाली ठेवला.

"मला महिना दे," ताई म्हणाली. "त्यांना ऐकू जाईल असा आवाज मीच घडवते."

संगणकावर आवाज घडवायच्या भाषा असतात, हे मला तेव्हा कळलं. ताईने चार उतरवून घेतल्या आणि पायात चप्पल घालून बघावी तशी एकेक वापरून पाहिली. सीसाउंडमध्ये वाद्य एकीकडे लिहायचं, ते कधी वाजायचं ते दुसरीकडे. "शिस्तीची आहे गं बाई, पण एका टिंगसाठी दोन अर्ज!" प्युअर डेटामध्ये चौकोन मांडून तारा जोडायच्या. ती तिला फार आवडली. आठवड्याभरात पडद्यावर असा गुंता झाला की तिचा तिलाच सुटेना. सुपरकोलायडरमध्ये आवाज चालू असतानाच बदलता येतो, म्हणून ताई बदलतच बसली. चौथीचं नाव चक. तिच्यात वेळ आपण सांगायची: इतके मिलिसेकंद थांब, मग वाज. "ही बाबांच्या धंद्यातली," ताई हसली.

रविवारी ती लॅपटॉप घेऊन बाबांसमोर बसली. पहिला आवाज. "आला." दुसरा. "आला." अकराच्या अकरा आले. ताईचे डोळे भरून आले. मी खडूस; म्हटलं, "बाबा, जरा भिंतीकडे तोंड करा." मग एकही आला नाही. बाबा तिच्या बोटाकडे बघत होते. दिवसभर लोकांना हेच बजावणाऱ्या बाईला खुद्द बापाने गंडवलं होतं.

"तू एवढा जीव काढतेस," बाबा पुटपुटले, "नाही कसं म्हणू?"

मला माझी लाज वाटली. ताईने नाक पुसलं. बाबा भिंग लावून कामाला लागले, तशी ती त्यांच्या पाठीमागे जाऊन बसली. म्हातारपणी बारीक आवाज आधी जातात, जाड उरतात, म्हणून तिने चकमध्ये जाडसर टक-टक लिहायला घेतली. घाईत एक आकडा चुकला. एक टक वेळेवर पडली, दुसरी उशिरा.

बाबांनी मान वर केली. भिंग काढलं. "कुणाचं घड्याळ लंगडतंय?"

आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. ताईने आकडा दुरुस्त केला, तर बाबा पुन्हा कामात बुडाले. मुद्दाम बिघडवला, तर खुर्चीतच वळले. "अगं, बंद कर ते! जीव कासावीस होतो." ताई हसता हसता रडायला लागली. जुना लॅपटॉप तिने टेबलाशी ठेवला आणि दारावरचं बटण त्याला जोडलं.

महिनाअखेरीला मी रिकामी खोकी घेऊन गेलो; ठरलं होतं तसं. बटण दाबलं. आत लंगडी टकटक सुरू झाली, लगेच खुर्ची सरकली. दार उघडलं, बाबांचं भिंग कपाळावर.

"ही घंटा आहे हे ठाऊक आहे रे मला, पण ऐकून जागेवर बसवतच नाही." मग त्यांची नजर खोक्यांवर गेली. आवाज एकदम खाली आला. "ही कशाला?"

"रद्दी न्यायला आलोय," मी म्हणालो.